कोपऱ्यातले त्रिकोण

ठिपका पुसायला म्हणून शालिग्रामने अंगठा जिभेला लावला आणि कागदावर घासला. जळगावच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागायला अजून वीस मिनिटे होती. दसरा दुसऱ्या दिवशी असल्यामुळे बाकावर त्याच्या एका बाजूला झेंडूची पोती आणि दुसऱ्या बाजूला त्या पोत्यांची मालकीण बसली होती. ठिपका हलला नाही. शाई ओली असती तर पसरली असती, माशीची घाण असती तर नखाने सुटली असती. त्याने सुरळी आणखी उलगडली, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक टेकेल इतके डोळे कागदाजवळ नेले. तो ठिपका नव्हताच. त्या रेघा होत्या. पुण्याच्या प्लॉटरच्या, म्हणजे मोठे नकाशे काढणाऱ्या यंत्राच्या पेनाने इमानेइतबारे एकेक रेघ ओढली होती, पण त्या एकमेकींना इतक्या लागून होत्या की त्यांचा डाग झाला होता. त्याने मोजले, नऊ त्रिकोण निघाले. प्रत्येक सुईसारखा लांब आणि बारीक. आणि नऊच्या नऊ, बीमच्या त्याच कोपऱ्यात, जिथे गेल्या हंगामात जुना बीम तडकला होता. "नकाशा हाये का बावा? कोनाच्या शेताचा?" बाईने विचारले. "यंत्राचा," तो म्हणाला, आणि स्वतःचा आवाज त्याला कुणा दुसऱ्याचा वाटला.

कापसाच्या गठाणी दाबायचे प्रेस रतिलालशेठच्या कारखान्यात बनत, आणि शालिग्राम तिथला एकुलता एक शिकलेला इंजिनिअर होता. प्रेस म्हणजे खालून वर ढकलणारा दट्ट्या, मध्ये कापूस, आणि वर तो सगळा दाब छातीवर घेणारा लोखंडी बीम. धुळ्याच्या हिलालआबांच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, गेल्या जानेवारीत तो बीम कोपऱ्यातून फाटला. आवाज म्हणे रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात ऐकू गेला. प्रेसवर लोटन होता. प्लेटचा ढलपा त्याच्या डाव्या खांद्यात शिरला, तेव्हापासून तो हात खांद्याच्या वर जात नाही. आबांनी त्याला वजनकाट्यावर बसवले. रतिलालशेठ दोन रात्री झोपले नाहीत, आणि मग त्यांनी कारखान्यातल्या संगणकावर चालणारा एक महागडा प्रोग्राम विकत घेतला आणि शालिग्रामला पंधरा दिवस पुण्याला शिकायला धाडले. आता अंदाजाने काही करायचे नाही, असे त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केले. शालिग्रामने नवा बीम आखला, संगणकाने ताण काढला, चौरस मिलिमीटरला नऊ पॉइंट चार किलो. बारापर्यंत चालतो. चित्र निळे-हिरवे आले, लाल नावालाही नाही. शेठनी ते चित्र देवघरात लावायचेच काय ते बाकी ठेवले. शालिग्रामने सही केली. बीम बनला, ट्रकने धुळ्याला गेला, चढला. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिली गठाण दाबायची, आणि प्रेस ठाऊक असलेला माणूस एकच म्हणून बटण लोटननेच दाबायचे.

गाडी लागली. त्याला खिडकी मिळाली आणि झेंडूची पोती त्याच्या पायाशी आली. पुण्याला शिकवणाऱ्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, संगणकाला अख्खे लोखंड गिळता येत नाही, त्याला घास करून भरवावे लागतात. बीमचे हजारो बारीक तुकडे करायचे, तुकड्याला तुकडा जोडून जाळी विणायची, मग तो एकेका तुकड्याचे गणित सोडवून सगळ्यांची बेरीज सांगतो. तुकडा अंगाने भरलेला असला, तिन्ही कोन त्यातल्या त्यात सारखे असले, तर तो खरे बोलतो. लांबोडका, चेपलेला तुकडा ताठ बसतो, वाकायला हवे तिथे वाकत नाही, आणि ताण आहे त्यापेक्षा कमी सांगतो. "आधी जाळी बघा, रंग नंतर बघा," असे बाई रोज म्हणत, इतके की वर्गातली पोरे त्यांची नक्कल करीत. नक्कल करण्यात शालिग्राम सर्वांत पुढे होता. पाळधी गेले. त्याला आठवले की गणित सुरू करताना पडद्यावर इशाऱ्यांची यादी भराभर वर सरकली होती आणि शेवटी आकडा आला होता, एकशे बारा. पुढे जायचे का, असे प्रोग्रामने विचारले होते. बाहेर शेठ कुणाला तरी सांगत होते, आमचा शालिग्राम आता उत्तर काढतोय. त्याने बटण दाबले होते. ते बोट आता मांडीवर ठेवलेले त्याला दिसत होते, आणि त्याची त्याला खरोखर लाज वाटली.

पण लाज वाटून भागत नाही, मन लगेच वकिली करायला लागते. एकवीसशे तुकड्यांत नऊच तर. नऊ आणि बारा यांत फटही पुष्कळ आहे. शेठना हे कळत नाही, आबांना कळत नाही, जळगावात कळणारा माणूसच नाही. एक डाग आहे, तो खोडरबराने घासला तर कागद थोडा झिजेल इतकेच. बीम कदाचित पंचवीस वर्षे चालेल. या "कदाचित"पाशी तो अडला. चूक झाली आहे असे पक्के कळले असते तर बरे होते, रडून तरी मोकळा झाला असता. त्याला एवढेच कळत होते की तो नऊ पॉइंट चार हा आकडा त्याने काढलेला नाही, तो आपोआप पडलेला आहे. एरंडोलला चहावाले खिडकीशी आले. त्याने चहा घेतला आणि प्यायचा विसरला. मुळात असे त्रिकोण तिथे आलेच कसे, हे तो आठवू लागला, आणि हसू येण्यासारखे कारण सापडले. त्याने सगळ्या बीमवर सारखे चौकोन मारले होते. पंधरा मिलिमीटरला एक, आडवे-उभे, सरळ रांगेत. प्रोग्राम म्हणत होता कुठे लहान कर, कुठे मोठे. त्याने ऐकले नव्हते, कारण सरळ रांग दिसली की त्याला बरे वाटते. वरणगावकडच्या त्याच्या गावात माणसाची पत केळीच्या रांगेवर ठरते. गाठी मारलेली दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायची, गाठीगाठीला खड्डा. रस्त्याने जाणारा सायकलवरून उतरून पाहील अशी रांग तोतारामअण्णांची, म्हणजे त्याच्या बापाची, असे. त्याने लोखंडावर केळी लावली होती. मधल्या सपाट भागात ती छान बसली, आणि कोपऱ्यात, जिथे बीमला कापलेल्या खाचेची लहानशी गोलाई येते, तिथे सरळ रांगा गोलाईवर आदळल्या आणि उरलेल्या चिंचोळ्या जागेत प्रोग्रामने सुया कोंबल्या. पारोळा आले तेव्हा चहावर साय धरली होती.

जिनिंगच्या फाटकाला तोरण बांधायचे काम चालू होते. रतिलालशेठ मोटारीने आधीच येऊन खुर्चीवर बसले होते. हिलालआबांनी दुरूनच हात वर केला. "या साहेब, या! चित्र लयनात का?" शालिग्रामने सुरळी टेबलावर ठेवली, उलगडली नाही. प्रेसभोवतीच्या पिवळ्या पट्ट्याबाहेर उभा राहून लोटन उजव्या हाताने पंपाची टाकी पुशीत होता. पाण्याच्या ग्लासकडे बघत शालिग्राम म्हणाला, "आबा, उद्या प्रेस चालवू नका." शेठ हसले, मग हसायचे थांबले. "का? काय झालं?" "माझं गणित कच्चं आहे." "कच्चं म्हणजे? सही तूच केलीस ना?" "केली. बघायचं होतं ते न बघता केली." त्याने कागद उलगडून डाग दाखवला, त्रिकोणांचे सांगितले, इशाऱ्यांचेही सांगितले, एकशे बारा हा आकडासुद्धा गाळला नाही. शेठचा चेहरा उतरत गेला. "बीम तुटेल असं म्हणणं आहे का तुझं?" "तसं नाही. तुटेल की नाही ते मला माहीत नाही, असं म्हणतोय." "अरे भल्या माणसा, हे तू आबांसमोर बोलतोस!" "त्यांच्यासमोरच बोलायला पाहिजे शेठ." आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मुहूर्त टळी जाई तं आख्खं वरीस कसं जाई साहेब? बठ्ठा गाव येवाव शे सकाय." उद्या सगळा गाव जमणार होता.

तोवर लोटन फडके खांद्यावर टाकून जवळ आला होता. त्याने कागदावर बोट ठेवले. "हाऊ डाग?" शालिग्रामने मान हलवली. लोटनने वर बीमच्या कोपऱ्याकडे पाहिले, पुन्हा कागदाकडे पाहिले. "आठेच तडकना व्हता," त्याच जागेवर बोट दाबत तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे शालिग्रामला ते जास्त लागले. मग लोटन आबांकडे वळला. "आबा, पूजा करी टाकू. नारळ फोडू, हार चढावू, पेढा वाटू. बटन मी काही दाबस नही." शेठनी खिशातून पंचांगाचे छोटे पुस्तक काढले, पाने उलटली आणि न वाचताच परत ठेवले. "कोजागिरीपर्यंत," ते शालिग्रामला म्हणाले. "पाच दिवस. त्यानंतर मला उत्तर पाहिजे, आणि या वेळी चित्र नको." परत जाताना त्यांनी त्याला मोटारीत बस म्हटले नाही. तो एस.टी.ने आला, आणि गाडीत त्याला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

दसऱ्याला सकाळी तो गावी गेला. सोने द्यायला माणसे येत-जात होती, आईने पुरणाचा घाट घातला होता, आणि तोतारामअण्णा नेहमीप्रमाणे सणाच्या दिवशीही शेतात होते. शालिग्राम आपट्याची पाने घेऊन तिकडेच गेला. नव्या बागेत रांगा अशा उभ्या होत्या की एका झाडामागे बाकीची लपावीत. तो बघत बघत नाल्यापर्यंत गेला. नाला तिथे वळतो आणि शेताचा कोपरा त्याच्याबरोबर वाकतो. इतकी वर्षे तो कोपरा त्याने पाहिला होता आणि पाहिला नव्हता. तिथली झाडे रांगेत नव्हती. नाल्याच्या काठाकाठाने एक वाकडी ओळ, तिच्या आत तशीच दुसरी, मग तिसरी जरा कमी वाकडी, आणि हळूहळू त्या ओळी मधल्या सरळ रांगांना जाऊन मिळाल्या होत्या. एकही झाड दुसऱ्याच्या उरावर नव्हते. "अण्णा, इथे दोरी नाही लावली?" "कोपऱ्यात दोरी कोन लावते?" अण्णा विळ्याने पान उतरवत म्हणाले. "तथी दोरी लावली त तीन झाडं एका खड्ड्यात येतीन. कोपऱ्यात पयले काठाकाठानं लावाचं, मंग मधी सरकाचं." "मग मला हे कधी शिकवलं नाही ते?" अण्णांनी विळा थांबवला. खरेच विचार करत होते ते. "तुले कोपरा देल्लाच कधी? तू कॉलेजातून सुट्टीवर येवाचा, तुले रस्त्याकडची बाजू देल्ली. लोकायले दिसाची म्हनून." शालिग्राम मोठ्याने हसला. इतका हसला की अण्णा घाबरले आणि त्यांनी विचारले, तुह्या नोकरीचं बरं हाये ना? तेव्हा त्याने बांधावर बसून सगळे सांगितले. अण्णांना त्यातले लोखंड कळले नाही, पण जाळी कळली, आणि लोटनचा हात कळला. "मंग जाय ना," ते म्हणाले, "इथं काय करू राह्यला?" पुरणपोळी त्याने डब्यात नेली.

पुढचे चार दिवस तो कारखान्यातल्या त्या खोलीत राहिला म्हटले तरी चालेल. आधीची जाळी त्याने पूर्ण पुसली. महिन्याचे काम होते ते. मग कोपऱ्यापासून सुरुवात केली. खाचेच्या गोलाईवर बारीक तुकड्यांची एक ओळ, तिला लागून दुसरी, तिसरी थोडी मोठी. बाहेर सरकत जाताना तुकडे वाढवत नेले आणि सपाट भागातल्या मोठ्या चौकोनांना नेऊन मिळवले. दोन प्लेटा जुळतात तिथे बिंदूवर बिंदू बसलाय का पाहिले, एके ठिकाणी बसला नव्हता. लोखंड अखंड होते आणि त्याच्या जाळीत तिथे चीर होती. ही चीर आधीच्याही जाळीत असणार, हे त्याने वहीत लिहून ठेवले. मग एकेक तुकडा तपासला. कुठला कोन फार टोकदार, कुठली बाजू दुसरीच्या पाचपट, कुठला चौकोन स्वतःतच पिळलेला. प्रोग्राम यादी द्यायचा, तो वहीत उतरवून घ्यायचा, दुरुस्त करायचा, खोडायचा. दुपारी वीज जायची, बॅटरीवर संगणक कसाबसा तग धरायचा आणि गणित मध्येच मरायचे. शिपाई उखर्डू दारात येऊन म्हणायचा, "साहेब, पुन्हा पयल्यापासून?" आणि शालिग्राम म्हणायचा, पुन्हा पहिल्यापासून. आश्चर्य म्हणजे त्याला कंटाळा येत नव्हता. नोकरीला लागून आठ वर्षे झाली होती आणि या आठ वर्षांत कुणी पाहावे म्हणून न केलेले हे पहिलेच काम असावे, असे त्याला वाटले. एकशे बाराचे साठ झाले, साठाचे अकरा, अकराचे चार. ते चार त्याने पडद्यावर मोठे करून बघितले. कोपऱ्यापासून लांब, ताण नसलेल्या जागी होते. त्यांचे क्रमांक वहीत लिहिले आणि राहू दिले.

आकडा आला सोळा पॉइंट सात. बाईंनी सांगितले होते, आकड्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. कोपऱ्यातले तुकडे निम्मे करायचे आणि पुन्हा विचारायचे. अठरा पॉइंट सहा. पुन्हा निम्मे केले. अठरा पॉइंट नऊ. आता तो आकडा जागचा हलेनासा झाला होता. बारापर्यंत चालतो तिथे जवळजवळ एकोणीस, तोही प्रत्येक गठाणीला एकदा, हंगामाला हजारो वेळा. शालिग्राम खुर्चीत मागे रेलला. त्याला भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण तिच्या आधी आनंद झाला, अगदी आतून, लाज वाटावी इतका. उत्तर वाईट होते आणि त्याचे स्वतःचे होते. तो तसाच उठून शेठच्या केबिनमध्ये गेला. शेठनी आकडा ऐकला. "म्हणजे दसऱ्याला तुटला नसता," ते म्हणाले. "नसता. जानेवारीपर्यंत चिरला असता बहुतेक." "म्हणजे पुन्हा जानेवारी." "हो." "इशारे आता किती?" "चार." "चार का ठेवलेस?" शालिग्रामने वही उघडून चारही दाखवले. शेठनी वही आपल्याकडे ओढली, चष्मा लावला आणि समजत नसूनही पानामागून पान वाचत राहिले. "आता उपाय सांग," ते शेवटी म्हणाले, आणि उखर्डूला दोन चहा सांगितले.

उपाय अवघड नव्हता. खाचेच्या कोपऱ्याची गोलाई फारच लहान होती, ती गॅसने कापून मोठी करायची, घासून गुळगुळीत करायची आणि बगलेला जाड प्लेट जोडायची. शालिग्रामने ते आधी संगणकात केले, नव्या कोपऱ्याला नवी जाळी विणली, ती तपासली, निम्मी केली, पुन्हा निम्मी केली. दहा पॉइंट एक, दहा पॉइंट तीन, दहा पॉइंट तीन. मग धुळ्याला जाऊन गॅस-कटर चालवणाऱ्याच्या शेजारी उभा राहिला, खडूने गोलाई स्वतः आखली, आणि कापल्यावर त्यात हात फिरवून पाहिला. लोखंड अजून गरम होते.

दिवाळीआधीच्या एका साध्या बुधवारी प्रेस चालवायचा ठरला. पंचांगात त्या दिवशी काहीच नव्हते. गाव आले नव्हते, हार नव्हता. आबा, शेठ, सात-आठ कामगार, आणि दाराशी कापसाच्या गाड्या सोडून आलेले दोघे-तिघे शेतकरी एवढेच. दसऱ्याचा सुकलेला नारळ कुणीतरी अजून तिथेच ठेवला होता. दट्ट्यावर कापूस भरला. पंप सुरू झाला आणि जमीन हलकीशी थरथरू लागली. शालिग्राम पुढे झाला आणि बीमच्या बरोबर खाली, बटणाच्या पेटीपाशी, प्रेसवाल्याच्या जागी जाऊन उभा राहिला. हे त्याने गाडीतच ठरवले होते आणि कुणाला सांगितले नव्हते. "अरे, काय करतोस?" शेठ ओरडले. "पहिली गठाण मी दाबतो," तो म्हणाला. डोक्यावर तीन टन लोखंड होते. त्याने वर पाहिले. त्या कोपऱ्यातला एकेक तुकडा त्याला ठाऊक होता.

वजनकाट्याच्या खोलीतून लोटन बाहेर आला. हिशेबाची वही त्याने तिथल्या खिडकीत ठेवली, फडके झटकले, आणि जानेवारीपासून ज्या जागेवर तो एकदाही आला नव्हता तिकडे चालत आला. लोक बाजूला झाले. पिवळ्या पट्ट्याच्या आत पाऊल टाकण्याआधी तो क्षणभर थांबला. तो थांबला हे सगळ्यांनी पाहिले. मग आत आला. "लोटनभाऊ, आज राहू द्या," शालिग्राम म्हणाला. "आधी मी बघतो." लोटनने त्याला आपादमस्तक न्याहाळले. "दाब कोठे थांबाडना, ते तरी माहीत शे का तुमले?" शालिग्रामला माहीत नव्हते. आयुष्यात त्याने एकही गठाण दाबली नव्हती. लोटन हसला. डावा हात तसाच लोंबता ठेवून त्याने उजवा हात पेटीवर नेला, बरोबर त्या बटणावर, न बघता.

"सरका साहेब," तो म्हणाला, "हाई जागा मनी शे."

त्याची जागा त्याला देऊन शालिग्राम एका माणसापुरता सरकला, आणि तिथेच उभा राहिला.